इंदूरच्या पेपराला कुणी सांगितलं?

"गद्दार आपल्यातच आहे!" माझा बँकेतला दोस्त टावर चौकात असा गरजला, की टावरचं घड्याळसुद्धा दचकून पुढे सरकलं. नवं राज्य झालेलं, जुन्या राज्यातल्या नोकऱ्या राहतील की जातील कळेना, आमच्या फुटबॉल मास्तरांचीही अधांतरी, आणि त्यात इंदूरच्या पेपरात छापून आलं: मास्तर नुसते नावाचे, टीम तर गोलकीपर निवडतो! हे गुपित मास्तरांच्या आम्हा तिघा भक्तांनाच ठाऊक होतं.

"तुझा साडू इंदूरचाच ना रे?" तो माझ्यावर घसरला.

"अन् भिया, परवा तू तिकडे कशाला गेला होतास?" मी विचारलं.

तिसरा गप्प होता, म्हणून त्याच्यावर आमचा सगळ्यात जास्त संशय. कुणी कुणाच्या हातची कचोरी खाईना. शेवटी तिघांनी मास्तरांसमोर महाकालाची शपथ घेतली.

मास्तर म्हणाले, "वार्ताहरानं विचारलं, मी सांगितलं."