गॅस बंद करून बोलणारी

ती रागावली की आधी गॅस बंद करायची, मग बोलायची.

आवाज चढवायची नाही. कुकरची शिट्टी तोंडावर आलेली असो, कढईत पुरी अर्धी फुगलेली असो, ती हात पुढे करून बटण फिरवायची, टॉवेलला हात पुसायची आणि वळून विचारायची, "मला विचारलं होतंत?"

विचारलेलं कधीच नसायचं.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. असली तर तिला जपा. आम्ही जपली नाही. मी सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, नातवंडं मला 'चिल आज्जी' म्हणतात, पण तो दिवस आठवला की अजून माझं डोकं तापतं. तिच्यावर नाही. कोणाकोणावर ते सांगतेच. त्या यादीत मी बरीच वर आहे.

शिकागोजवळच्या शॉमबर्गला आम्ही एकाच अपार्टमेंटात वरखाली राहायचो. ओळख झाली ती हातोडीमुळे. गणपतीत नारळ फोडायला काही सापडेना, म्हणून मी वरच्या मजल्यावर गेले, तर तिने सूटकेसच्या तळातून एक हातोडी काढून दिली. एक टोक चपटं, दुसरं चोचीसारखं. नागपूरला भूशास्त्रात एम.एस्सी. करताना घेतलेली. लग्न होऊन अमेरिकेला येताना सासूबाईंनी सामानातून दोनदा काढून ठेवली होती, हिने दोनदा परत भरली.

पुढची कितीतरी वर्षं त्या हातोडीने आख्ख्या कॉम्प्लेक्सचे नारळ फोडले. एकदा ती म्हणाली, "हिने बेसाल्ट फोडलाय गं मी. वर्धेच्या उन्हात, दिवसदिवस."

मी म्हणाले, "नारळ पण छान फुटतो."

तेव्हाची मी अशी होते. वय एकतीस, केसांचा घट्ट अंबाडा, आणि शिकागोच्या पश्चिमेला माझ्यासारख्या पोळ्या कोणाच्या होत नाहीत यावर अढळ श्रद्धा. कोणी 'वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे' म्हटलं की आणखी अर्धा किलो कणीक भिजवायला उठणारी. ती बाई आज मला भेटली तर मी तिचं लाटणं काढून घेईन.

ऐंशीच्या दशकातला मधला कुठलातरी जून. कँपिंगची टूम काढली ती पुढाऱ्यांनी. ते आमच्या दोघींच्या नवऱ्यांचे मित्र. पिकनिक असो, गणपती असो, सगळं तेच ठरवायचे, म्हणून पुढारी. त्यांची बायको त्या उन्हाळ्यात मुंबईला गेली होती, त्यामुळे ते एकटे होते आणि तिघांइतके जेवत होते. ते, ती आणि तिचा नवरा, आम्ही दोघं आणि आमची आठ वर्षांची मुलगी. सहाजण एका व्हॅनमधून अडीच दिवस चालत, म्हणजे गाडी चालवत, युटातल्या त्या वाळवंटी घळीत पोचलो.

दोन्हीकडे लालभडक कडे, इतके उंच की मान दुखावी. वर पांढरं पडलेलं ऊन. आणि तळाशी, कोणी विसरून गेल्यासारखा, एक ओढा. घोट्याएवढं पाणी, पण वाहतं, गार. काठाला कॉटनवुडची झाडं, त्यांखाली आमचे तीन तंबू. मी उतरले आणि पहिल्यांदा बघितलं की गॅसची शेगडी वाऱ्याला आडोसा मिळेल अशी कुठे ठेवता येईल. ती उतरली आणि ओढ्यात हात घालून उभी राहिली.

"इथे महिनामहिना पाऊस नाही. वर बर्फही नाही. मग हे पाणी येतं कुठून, सांग."

"नळातून," मी म्हणाले. मी विनोदीही होते.

तिने सांगितलं. वरचा दगड वाळूचा, स्पंजसारखा, कधीकाळचा पाऊस पिऊन बसलेला. पाणी त्यातून वर्षानुवर्षं खाली झिरपतं. खालचा थर चिकण, तो पाणी आत घेत नाही. मग जिथे दोन थर भेटतात, तिथल्या फटीतून ते बाहेर पडतं. "हजार वेळा वाचलंय. परीक्षेत आकृती काढून दहापैकी नऊ मिळवलेत. डोळ्यांनी कधी बघितलं नाही. घळीच्या टोकाला असणार. चारेक मैल. मला ते बघायचंय." एवढंच. तिला आख्ख्या अमेरिकेत तेवढंच बघायचं होतं.

पहिल्या दिवशी पुरुष गेले. "आम्ही आधी रस्ता बघून येतो," पुढारी म्हणाले. "उद्या तुम्ही दोघी. प्रॉमिस." आम्ही मागे राहून वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पोळ्या केल्या. हो, वाळवंटात. कूलरमध्ये विरजणाचा डबाही होता. बर्फ वितळला तरी चालेल, दही आंबता कामा नये, म्हणून मी वाटेत प्रत्येक मोटेलात तो डबा बाथटबमध्ये गार पाण्यात ठेवला होता.

दोन तासांतच तिघं परत.

"बघितलं पाणी कुठून येतं ते?" तिने विचारलं.

"वरून येतं," तिचा नवरा म्हणाला.

"वरून म्हणजे कुठून?"

"अर्ध्यातून वळलो आम्ही. भूक लागली यार," पुढारी म्हणाले आणि ताट पुढे केलं.

तिने वाढलं. मला वाटतं, त्या क्षणी तिच्या हातात गॅसचं बटण नव्हतं म्हणून पुढारी वाचले.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठून तयार. पायात बूट, पाण्याच्या दोन बाटल्या, पीनट बटरचं सँडविच कागदात गुंडाळलेलं. मीही केस बांधले. शेगडीवर चहा होता. तेवढ्यात पुढारी नळावरून तोंड धुऊन आले, चेहरा असा फुललेला की लॉटरी लागलीय.

"अहो, पलीकडच्या कँपसाइटवर कोण आहे माहितीये? पुण्याचे लोक. टेक्सासहून आलेत, शुगर लँडहून. आठजण. तीन दिवस हॉटडॉग खातायत बिचारे. म्हटलं, आमच्याकडे या दुपारी जेवायला, आमच्या वहिनींच्या हातच्या पोळ्या आहेत."

परक्या मुलखात मराठी बोललेलं ऐकू आलं की आपल्या लोकांचं असं होतं. नाव विचारायच्या आधी जेवायला बोलावतात. आणि बोलावणाऱ्याला स्वतःला कणीक भिजवायची नसते.

"व्वा," आमचे हे म्हणाले.

"पण आज आपण दोघी..." मी म्हणाले. आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू आला.

"वहिनी, घळ काय पळून जातेय? उद्या जा."

"उद्या आपण निघतोय," ती म्हणाली. आणि तिने गॅस बंद केला.

चहा वर येत होता तो खाली बसला.

"मला विचारलं होतंत?"

पुढारी हसले. तिचा नवरा आमच्याकडे बघून म्हणाला, "जरा तऱ्हेवाईक आहे ती. होईल शांत." बायको समोर उभी असताना तिच्याविषयी हवामानासारखं बोलणारे नवरे तुम्ही पाहिले असतीलच.

ती शांतच होती. तिने शेगडीची गॅसची बाटली फिरवून सोडवली आणि पाठीवरच्या पिशवीत टाकली. मग व्हॅनमध्ये जाऊन दुसरी, राखीव बाटलीही आणली. तीही पिशवीत.

"अगं, हे काय?" मी म्हणाले.

"येतेस?"

"पोळ्यांचं काय?"

"कसल्या पोळ्या? गॅस माझ्याकडे आहे."

"अगं, आठ माणसं यायचीत. बरं दिसत नाही ते. एवढं उरकते आणि आलेच."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ओढ्याच्या मधोमध एक सपाट दगड होता, त्याकडे बोट केलं. "मी तिथे बसते. वीस मिनिटं थांबते. आलीस तर आलीस."

ती जाऊन बसली. बूट काढून हातात घेतले, पाय पाण्यात सोडले. माझी मुलगी धावत जाऊन तिच्याशेजारी बसली. "आई, कॅन आय गो विथ मावशी?"

"जा बाई," मी म्हणाले. मला वेळ नव्हता. मी चूल मांडत होते.

खोटं सांगत नाही. शेकोटीसाठी लोखंडी कडं होतं, त्यात मी ओढ्यातले तीन दगड आणून मांडले. संध्याकाळसाठी आणलेली लाकडं पेटवली. त्यावर तवा. माझ्या आईने जन्मात चूल पेटवली नव्हती, ती स्टोव्ह वापरायची. मी मात्र गॅस, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरच्या देशात येऊन, भर जूनमध्ये, चुलीपुढे उकिडवी बसून फुंकर मारत होते. पुरुष तिघं खुर्च्या टाकून कौतुकाने बघत होते. एकाने फोटो काढला.

धुरातून मला तो दगड दिसत होता. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची, मग माझ्याकडे. मी काय केलं सांगू? मी पाठ करून बसले. धूर डोळ्यांत जातो म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. धूर त्या बाजूला जातच नव्हता.

पुन्हा वळले तेव्हा दगड रिकामा होता. लांब वळणावर दोन पाठी दिसल्या, एक मोठी, एक छोटी, आणि मग कडा आड आला.

टेक्सासचे लोक आले, जेवले. पस्तीस पोळ्या केल्या. "चुलीवरच्या!" ते म्हणाले. पुढारी म्हणाले, "तुम्ही म्हणून, वहिनी." आणि मी, लाल डोळ्यांची, काळ्या बोटांची, भाजलेल्या अंगठ्याची मी, लाजले. मला त्या दिवसातलं सगळं पचतं, ते लाजणं पचत नाही.

त्या दोघी उन्हं कलल्यावर परत आल्या. मुलगी कमरेपर्यंत भिजलेली, नवे बूट चिखलात. मी तिला बुटांवरून झापलं. तिने, म्हणजे मैत्रिणीने, पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. कोणी तिच्याशी बोललं नाही. मी तिच्यापुढे गार पोळी सरकवली आणि हळूच विचारलं, "दिसलं?"

"जाऊन बघ," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही काही भांडलो नाही. डोहाळजेवणं, ग्रॅज्युएशन पार्ट्या, सगळं एकत्र झालं. दोनेक वर्षांनी ती कम्युनिटी कॉलेजात खडक शिकवायला लागली. त्या गणपतीत मी हातोडी मागायला वर गेले, तर म्हणाली, "आता नाही मिळायची. कामाला लागली ती." मला आनंद झाला, आणि नारळ मी पार्किंगच्या कडेवर आपटला. उन्हाळ्यात ती विद्यार्थ्यांना घेऊन कुठे कुठे जायची. जाताना किल्ली माझ्याकडे ठेवायची, झाडांना पाणी घाल म्हणायची.

पण 'येतेस?' असं तिने मला पुन्हा कधीही विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. नेपरव्हिलच्या हॉलमध्ये शोकसभा होती, बाहेर गुडघाभर बर्फ. शुगर लँडहून माझी मुलगी विमानाने आली. ती हल्ली तिथे राहते. पुढारी आता ऐंशीला टेकलेत, कानात मशीन आहे, पण माइक दिसला की उभं राहणं सुटलेलं नाही. त्यांनी तोच किस्सा सांगितला. वहिनी गॅस घेऊन कशा पळून गेल्या. हॉल हसला. तिचा नवराही पहिल्या रांगेत हसला. आमचे हे माझ्या शेजारी बसून हसले. मग पुढाऱ्यांनी माझ्याकडे हात केला. "पण आमच्या या वहिनी. तीन दगड मांडले आणि बारा माणसं जेवू घातली. याला म्हणतात निभावून नेणं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या शोकसभेत, माझ्या पोळ्यांना.

मी उठले. हॉलच्या मागे किचन आहे. तिथे साठ माणसांचा चहा उकळत होता. मी गॅस बंद केला, टॉवेलला हात पुसले आणि परत येऊन माइक घेतला.

"ती पळून गेली नव्हती," मी म्हणाले. "ती माझ्यासाठी थांबली होती. वीस मिनिटं. तुम्ही तिघांनी प्रॉमिस करून मोडलं, आणि मी तिच्याकडे पाठ केली. तिला फक्त पाणी कुठून येतं ते बघायचं होतं. आणि पुढारी, टेक्सासच्या आठ माणसांना बोलावताना तुम्ही तिला विचारलं होतंत?"

त्यांनी कानातलं मशीन चाचपलं.

मी खाली बसले. माझ्या मुलीने माझा हात धरला आणि कानाशी वाकून म्हणाली, "आई, वर पण थांबलो होतो आम्ही."

"वर कुठे?"

"टॉपला. जिथे पाणी येतं तिथे. मावशीने सँडविचचे तीन पीसेस केले. म्हणाली, एक आईला, ती पोळ्या उरकून येईल. आम्ही किती वेळ वेट केलं. मग येताना मीच खाल्लं ते."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस ते?"

"तू विचारलं होतंस?"

मी तिला बुटांवरून झापलं होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "चहाचं काय झालं?" एकदोघांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी मुलीचा हात धरून बसून राहिले.