नावाच्या जागी नाव

माझी आत्या भिलाईला गिट्टी, म्हणजे बांधकामाची खडी, फोडायची. आधीच सांगून ठेवते, तिला 'बिचारी' म्हणायचं असेल तर पुढे वाचू नका.

आमचं शेतकऱ्याचं घर, भंडाऱ्याकडचं. चार वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय वाळला आणि घरानं, गावानं तिचं नाव 'लंगडी' करून टाकलं. चुलत बहिणींना बघायला पाहुणे आले की हिला गोठ्यात बसवायचे. न जाणो, पाहुण्यांना वाटायचं, घराण्यातच खोट आहे! अठ्ठावन्न साली कारखान्याच्या बांधकामावर माणसं हवी होती म्हणून माझे बाबा, रामाजी, माझ्या आईला घेऊन निघाले. आत्याला कुणी चल म्हटलं नाही. ती आपलं गाठोडं घेऊन गाडीत चढून बसली.

गिट्टी बसून फोडतात. त्याला हात दणकट लागतात, आणि तिचे होते. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या कमाईचं खात होती. गोठ्यात परत जायची तिची मुळीच तयारी नव्हती.

मग गेटातून आत जायला पास लागू लागले. ठेकेदाराचा मुन्शी ओमप्रकाश नावं लिहून घ्यायला आला. बायांना विचारतो कोण? पुरुषांनीच सांगितलं. आमच्या बाबांनी सांगितलं, "मी रामाजी, बायको कौशल्या, अन् लंगडी." आपण काही चुकलो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वाटपाच्या दिवशी पत्र्याच्या शेडपुढे रांग लागली. मुन्शीनं पुकारलं, "लंगडी!" कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते नाव सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आत्या पुढे झाली, पण तिनं पास घेतला नाही. "हा माहा नाही."

"सब यही बुलाते हैं," मुन्शी म्हणाला. "दूसरा नाम है तो गवाह लाओ. नहीं तो हटो, बाहर पचास औरतें काम माँग रही हैं."

आत्यानं मागे वळून रांगेकडे पाहिलं. रोज शेजारी बसून भाकर खाणाऱ्या बाया, पण नाव एकीला ठाऊक नव्हतं. माझी आई तिला ताई म्हणायची, तिनंही कधी विचारलं नव्हतं. ठाऊक होतं फक्त बाबांना, आणि बाबा जमिनीकडे बघत होते. तिघांचेही पास अजून मुन्शीच्याच हातात होते ना!

"घे न वं," ते पुटपुटले. "पास भेटला थे काय कमी हाय? नावापायी काम जाईन."

"तुह्या पासावर रामाजी लिवलं, मंग माह्या पासावर माहं नाव कावून नाही? जाऊ दे काम. दादा, तुले ठावं हाय. इथं, साऱ्याइच्या म्होरं सांग." आणि ती शेडच्या दारातच खाली बसली. तिला ओलांडल्याशिवाय कुणाला पुढे जाता येईना. मागून ओरडा सुरू झाला. ती ढिम्म हलली नाही.

बाबांचा मला आजही राग येतो, किती वेळ लावला त्यांनी! शेवटी कसंबसं तोंड उघडलं. "भागीरथा. भागीरथा हाय तिचं नाव. चूक माही झाली."

मुन्शीनं कुरकुरत नवा पास काढला, नाव लिहिलं आणि विचारलं, "पहचान का निशान?"

आता बाबांना बहिणीचा फारच पुळका आला. ते घाईनं म्हणाले, "लिवा, हनुवटीवर तीळ."

"तीळ कावून?" आत्या दारातूनच कडाडली. "पाय लिवा. डावा पाय वाळला हाय म्हना. साऱ्या दुनियेले दिसून राहिला, मले त्याची लाज नाही. खुणेच्या जागी पाय लिवा अन् नावाच्या जागी नाव."

मुन्शीनं नावाखाली डावा पाय लिहिला आणि पास तिच्या हातात दिला.