मी हां म्हटलं होतं

माझ्या उजव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं वसई पूर्वेच्या एका गाळ्यात गेली, त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली. तरी ती दुखतात. नुसती दुखली असती तरी चाललं असतं. पण अंगठा आणि नसलेली तर्जनी यांच्यामध्ये मला रांगोळीची चिमूट लागते, कोरडी, खरखरीत. बघायला जावं तर तिथे हवा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला अजून खबर लागलेली नसते. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या मेंदूला सगळी खबर आहे, तीच तर पंचाईत आहे. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

आमचं गाव जूचंद्र. इथे रांगोळी काढणारे गल्लीगल्लीत सापडतील, आणि रांगोळी म्हणजे ठिपक्यांची नव्हे, माणसाचा हुबेहूब चेहरा. मीही काढायचो. बरी काढायचो असं लोक म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. पण त्याने पोट भरत नाही, म्हणून दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला त्याच्या कामावर लावून घेतलं. पत्रे कापायची प्रेस होती. पत्रा मोठा असला की दोघं लागायचे. पत्रा मी लावायचा, पेडल दादाचं. आवाज इतका की शेजारचा ओरडला तरी ऐकू यायचं नाही, म्हणून ठरलेलं होतं: हात बाहेर काढला की मी जोरात ‘हां’ म्हणायचं, मग त्याने पाय द्यायचा.

त्या दिवशी मी हां म्हटलं. आणि म्हटल्यावर मला दिसलं की पत्रा जरासा तिरका बसलाय. फार नाही, दोन सूत असेल. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. पण रांगोळीवाल्याची खोड ती, डोळ्याला वाकडं खपत नाही. एक बोट लावून सरळ करायला म्हणून मी हात परत आत घातला.

दवाखान्यात आईने विचारलं, "कसा झाला रं ह्यो?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "माजा पाय आधी पडला."

मी काही बोललो नाही. शुद्धीवर होतो, सगळं कळत होतं, तरी बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. हात गेला होता आणि कोणावर तरी राग काढायला मिळत होता. त्याला आवाजात नक्की काय ऐकू आलं होतं, देव जाणे. आपल्याला हां ऐकू आल्याचा भास झाला, असंच त्याने धरलं असणार. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. महिना गेल्यावर सांगायचं तर महिनाभर का गप्प बसलास, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. वर्षानंतर तर विचारूच नका.

त्या दिवसापासून दादाने माझ्या तोंडाकडे कधी सरळ बघितलं नाही. बोलायचा, पण जमिनीशी. हळूहळू ती सवयच लागली आणि तो सगळ्यांशीच मान खाली घालून बोलायला लागला. प्रेसचं काम त्याने सोडलं, नायगाव स्टेशनला रिक्षा लावली. मला पट्टी बदलायला तोच न्यायचा. रिक्षातल्या आरशात सुद्धा माझ्याकडे बघायचा नाही हा माणूस! मला चीड यायची. मनात म्हणायचो, एकदा बघ, मग सांगून टाकतो. वा रे वा, म्हणजे ती जबाबदारीही त्याचीच.

मी सहा महिने ओटीवर भिंतीला टेकून बसून होतो. कोणी आलं की हात गोधडीखाली. एका दुपारी दादाने रिक्षातून रांगोळीची पिशवी आणली आणि माझ्या डाव्या हाताशी ठेवली. मी पिशवी लाथेने उडवली, सगळी ओटी पांढरी झाली. त्याने झाडू घेतला, निमूट भरून ठेवली आणि परत स्टेशनला गेला. दुसऱ्या दिवशी पिशवी तिथेच होती. तिसऱ्या दिवशीही.

डाव्या हाताची चिमूट पहिल्यांदा सुटली ती अशी, की लहान पोराने मीठ सांडावं. रेघ काढायला गेलो की ढीग व्हायचा. उजवा हात मात्र तिकडे आपलं काम करत असल्यासारखा, ती नसलेली बोटं बरोबर हलायची, आणि डावा मागून चुकत जायचा. दादा जेवायला घरी आला की खाली बघत उभा राहायचा आणि त्या ढिगाला म्हणायचा, "बरा हाय." दोन वर्षांनी खरोखर बरं यायला लागलं.

मग शेजारची म्हातारी गेली. तिचा धड फोटो नव्हता, आधारकार्डावरचा होता, त्यात ती कोणी भलतीच दिसायची. तिच्या बाराव्याला मी तिला आठवून त्यांच्या ओटीवर काढली. तिचा नवरा समोर येऊन बसला आणि तिला सांगायला लागला, की अगं, चष्मा सापडला, कपाटावरच होता. मी तिथून उठून मागच्या दारी गेलो आणि पोटभर रडलो. तेव्हापासून मला हेच काम. कोणाचं बारावं, कोणाचं वर्षश्राद्ध, बोलावणं येतं. दिवसभर माणसं त्या चेहऱ्याशी बोलून घेतात. दिवेलागणीच्या आत मी स्वतः पुसतो, कोणाचा पाय पडायला नको. गेलेल्या माणसांशी माझं बरं जमतं. डोळे मी नेहमी शेवटी काढतो.

गेल्या वर्षी दादा गेला. रिक्षाच्या रांगेत बसल्या जागी, मान पुढे पडलेली. मागच्या रिक्षावाल्याला वाटलं मोबाइल बघतोय, म्हणून त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

त्याच्या बाराव्याला मी रांगोळी काढली नाही. हात दुखतोय म्हणून सांगितलं. गावभर कुजबुज झाली, की सगळ्या जगाची माणसं काढतो आणि सख्ख्या भावाला काढला नाही. दादाचं लग्न माझ्या अपघातानंतर वर्षभराने झालं होतं, वहिनी आली तेव्हापासून मला भावजी म्हणते आणि अहो-जाहो करते. वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी ती एवढंच म्हणाली, "भावजी, आता तरी यांना काढा."

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी ओटीवर बसलो. केस झाले, कपाळ झालं, तो थोडा बसका नाकाचा शेंडा झाला. समोर वहिनीने दिलेले त्याचे फोटो ठेवले होते, कोणाच्या बारशातला, सत्यनारायणाचा, लग्नातलासुद्धा. एकाही फोटोत डोळे नव्हते, सगळीकडे पापण्याच. मी तशाच काढल्या. हुबेहूब दादा झाला, मान खाली. त्याच वेळी ती तीन बोटं अशी ठणकायला लागली की डोळ्यांत पाणी आलं.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवून रांगोळीकडे बघत राहिली. म्हणाली, "असंच बघायचे. मना वाटायचा, त्यांचा स्वभावच हाय."

आणि माझं तोंड उघडलं. सगळं सांगितलं. पत्रा, दोन सूत, हां, दवाखाना. "त्याचा पाय आधी नव्हता पडला, वहिनी. मी हां म्हटलं होतं." बाहेर मंडपवाला खुर्च्या उतरवत होता, त्यांचा आवाज चालला होता. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती पायरीवर बसली. म्हणाली, "म्हंजे आधी ते असे नव्हते."

"नाही. आधी डोळ्याला डोळा भिडवून बोलायचा. भांडायचा तर जास्तच."

"तू बघितलेस ते डोळे?" इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा तू म्हणाली.

"हो."

"मग पूस ह्या पापन्या. मान वर कर त्यांची. मना बघायचेत."

मी पापण्या फुंकून उडवल्या. कपाळापासून सगळा चेहरा परत उचलावा लागला, दुपार झाली, जेवणाची माणसं येऊन ताटकळली. फोटो पालथे घातले, त्यांचा उपयोग नव्हता. डोळे मला पाठ होते. डाव्या डोळ्याचा वरचा कोपरा जरा जास्त उघडा, बुबुळात तांबूस कड. लहानपणी मी खोटं बोललो की ते बारीक व्हायचे. शेवटी बुबुळातली पांढरी टिकली राहिली. डाव्या हाताने चिमूट सोडली.

चित्रात डोळे समोर काढले की ते कुठूनही आपल्याकडेच बघतात. वहिनीने पदर तोंडावर धरला आणि ती त्याच्याकडे बघत बसली, नवऱ्याला पहिल्यांदा बघावं तशी. मी आत बघितलं, दाराकडे बघितलं. मग मला त्याची नजर सोसेना, म्हणून त्याने दहा वर्षं केलं तेच केलं. मान खाली घातली.

पण रांगोळी जमिनीवर असते. खालीही तोच होता, माझ्याकडे बघत.