एनॉक प्रॉसरचे खड्डे

ऑगस्टभर पाऊस नाही म्हटल्यावर इंग्लंडात हेरफर्डशरमधल्या त्या कुरणाचं गवत पिवळं पडलं. हिरवे राहिले ते फक्त गोल. दहा-दहा पावलांवर एक, सरळ ओळीत. आयव्हर प्रॉसरने ते पाहिले आणि पाठ फिरवून न्याहारी केली. वय ऐंशी, जन्मभर शेतमजुरी. जमिनीखाली काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

कुरणावर चाळीस घरं बांधायचं चाललं होतं. त्याआधी जमिनीत जुनं काही पुरलेलं नाही ना हे तपासायला हवं, म्हणून उत्खननवाले आले. त्यांची प्रमुख रोवेना, तिशीची, उन्हाने नाक सोललेली. तिने पाच गोल खणून उघडले; प्रत्येकाखाली एक जुना, बुजलेला खड्डा होता. प्रत्येकाच्या तळाशी लाल खापऱ्यांचा थर निघाला, हाताने नीट पसरलेला. खापऱ्या रोमन होत्या. त्यावरून ही रोमन काळातली फळबाग, असा अंदाज तिने गावाला सांगितला. तो पक्का झाला तर कुरण राखीव होणार होतं. मग घरं होणार नव्हती.

गाव हरखलं. एकटा आयव्हर मात्र हरखला नाही.

खड्डे त्याच्या बापाचे होते. एनॉक प्रॉसरने चार हिवाळे खणून तिथे नाशपातीची बाग लावली, जमीनमालकासाठी. खड्डा छातीइतका खोल, कडा उभ्या. मुळांशी पाणी साचलं की नाशपाती मरते, म्हणून तळाला खापऱ्या. त्या शेजारच्या शेतात नांगराला ढिगाने लागायच्या. कुणाच्या, कधीच्या, एनॉकने विचारलं नाही. फुकट होत्या आणि कुजत नव्हत्या.

"तू काही बोलणार नाहीस," बेरिल म्हणाली. त्याची बायको. तिने विचारलं नव्हतं, बजावलं होतं.

"बोललोय का?"

"चाळीस घरं म्हणजे ऐंशी मोटारी, आयव्हर. माझ्या वाळत घातलेल्या चादरींसमोरून."

ग्रामसमितीचा ट्रँटर कुंपणाशी भेटला. गावातल्या म्हाताऱ्यांना बाग आठवत होती, पण उत्खननवाल्यांना ते सांगायला कुणी गेलं नव्हतं. खड्डे कुणी खणले हे मात्र आयव्हरखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. ते आयव्हरच्या बापाचे असावेत, असा ट्रँटरला संशय होताच.

"काय रे, तुझा बाप रोमन होता म्हणे?"

"बाप्टिस्ट पंथाचा होता."

"मग गप्प बस. देवाघरी गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

आयव्हर आठ दिवस गप्प बसला. नवव्या दिवशी उत्खननाच्या चराच्या काठावर उभा होता, तेव्हा रोवेना आपल्या माणसांना समजावत होती. "गुलामांची टोळी असणार. दहा-बारा जण तरी. एकाच्या हातचं काम नाही हे."

"किती म्हणालीस?" आयव्हरने विचारलं.

"दहा-बारा, मिस्टर प्रॉसर. कमीत कमी."

तो परत फिरला. घरी जाऊन छपरीतून लांब दांड्याचं फावडं काढलं. पात्याचा डावा कोपरा तुटलेला, उजव्या बाजूला दाढेएवढी खाच. परत येऊन, शिडी नको म्हणत तो चरात उतरला. खाली पोचल्यावर गुडघे धरून दम खाल्ला. खड्ड्याच्या भिंतीतली चिकणमाती निळसर आणि घट्ट होती. तिच्यावरचे फावड्याचे वार काल घातल्यासारखे दिसत होते. त्याने पातं एका वारावर टेकवलं. कोपरा कोपऱ्याशी बसला. प्रत्येक वारात उजवीकडे बारीक उंचवटा होता. तो बरोबर खाचेत गेला.

रोवेना खाली आली. तिने स्वतःच्या हाताने पातं दुसऱ्या वारावर बसवलं, मग तिसऱ्या. मग दुसऱ्या खड्ड्यात जाऊन तिथेही बसवलं. बराच वेळ लावला.

"कुणाचं हे?"

"वडिलांचं. एनॉक. एकटे खणायचे. जमीन गोठलेली नसेल तर दिवसाला एक, गोठली तर दोन दिवसांत एक."

"आणि झाडं?"

"पुढे मालकाला गहू लावायचा होता. मीच काढली. ट्रॅक्टर आणि साखळी. चार हिवाळ्यांचं काम तीन आठवड्यांत." त्याने पात्याची माती पुसली. "वडील कुंपणापर्यंत येऊन बघून गेले. एक शब्द बोलले नाहीत."

"मिस्टर प्रॉसर, हे मला लिहावं लागेल. मग कुरण राखीव व्हायचं नाही."

"ठाऊक आहे."

"तुमचं घर तर अगदी लागून आहे."

"ठाऊक आहे म्हटलं ना."

तिने वही उघडली. "गवतातले सगळे दोनशे सोळा गोल त्यांचेच?"

आयव्हरने ओढ्याकडे वळून पाहिलं. हो म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. "एकशे पंच्याऐंशी त्यांचे," तो म्हणाला. "ओढ्याकडचे एकतीस माझे. सोळा वर्षांचा होतो. माझे चार बोटं उथळ आहेत. मोजून बघ."

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ट्रँटर फाटकातून बाहेर पडत होता. त्याने आयव्हरला वाट दिली, पण नजर दिली नाही.

"सांगितलंस," बेरिल म्हणाली.

"दहा-बारा माणसं म्हणत होती ती."

"म्हणू द्यायचं होतं." तिने पाव कापला, चीज कापलं. "आता बरं वाटतंय?"

"नाही."

तिने त्याचं ताट टेबलावर ठेवलं आणि आपलं घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.