आत्याबाईंचं मनगट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. लिहिताना हात अडतो — चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढ्यासाठी नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. यांना रेल्वेत नोकरी, म्हणून आम्ही चेन्नईजवळ तांबरमला. इथल्या बायका सकाळी दारात पाणी शिंपडून कोलम काढतात, आपल्या रांगोळीसारखंच. मलाही हौस. हे सारखं बजावायचे, "फरशीवर पाणी नको, आई घसरेल." मी शिंपडायचीच. हे ड्युटीवर बाहेरगावी असताना एका सकाळी आत्याबाई तिथंच घसरल्या, हातावर पडल्या.

दवाखान्यात जायला मला धीर झाला नाही. गल्लीपलीकडे तेल लावून पट्टी बांधणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे नेलं. त्यानं स्वच्छ सांगितलं, हाड मोडलंय. हे आल्यावर मी काय सांगितलं? मुरगळलंय. आत्याबाई ऐकत होत्या. मनगट वाकडंच जुळलं.

पुढे त्यांची पाठ वाकू लागली, म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तमिळमध्ये विचारत होते. हे म्हणाले, "हिलाच विचारा, दिवसभर हीच असते जवळ." वय, वजन, तंबाखू, कसल्या गोळ्या, त्यांच्या आईचा खुबा मोडला होता का — मी मराठीत विचारायची, तमिळमध्ये सांगायची. आत्याबाई हसल्या, "माहेरचंही विचारतोय! सोयरीक जमवतोय का काय हा?"

मग डॉक्टरांनी विचारलं — उभ्या उभ्या पडून कधी हाड मोडलंय का?

हे शेजारीच बसले होते. मी हा प्रश्न मराठीत विचारलाच नाही. "इल्लै," मीच म्हणाले. नाही.

आत्याबाईंनी हात पदराखाली घेतला. इतक्या वर्षांत एवढं तमिळ त्यांनाही कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, मोडलं असतं तर पुन्हा मोडायचा धोका मोठा धरून आजच हाडांना बळ देणारं इंजेक्शन सुरू केलं असतं. तूर्त कॅल्शियम घ्या, तपासणी पुढं बघू. तेव्हा तरी तोंड उघडता आलं नसतं का? आलं असतं. मी उठले आणि आत्याबाईंच्या चपला पुढं ठेवल्या.

त्याच वर्षी पलंगावरून उठताना त्यांचा तोल गेला. खुबा मोडला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी मनगट हातात धरलं, हे जुनं मोडलेलं दिसतंय म्हणाले. मी काही बोलायच्या आत आत्याबाईच यांना म्हणाल्या, "सांग त्यांना, लहानपणी चिंचेवरून पडले होते." यांनी सांगितलं. माझ्याकडं आत्याबाईंनी बघितलंही नाही.

त्या वाचल्या. आता इंजेक्शन चालू आहे. वॉकर घेऊन दारापर्यंत येतात, उंबऱ्याशी थांबतात. "अगं, हात दे." मी देते. तेच मनगट माझ्या मुठीत येतं. रोज मला देवाचे आभार मानावेसे वाटतात — आणि त्यांचे. त्यांचे मानायचे तर कशाबद्दल, ते उच्चारावं लागेल. म्हणून तेही राहिलेत.

संध्याकाळी त्या मलाच सांगतात, "तुझं ते कोलम काढ ना, सुनं दिसतंय दार." मी कोरड्या फरशीवर काढते. त्या वॉकरला धरून बघत उभ्या राहतात.

हाड मोडलं होतं. मला ठाऊक होतं. मी नाही म्हणाले.