न्यायाधीशांच्या खुर्चीतले वामनअण्णा

वामनअण्णा पिसे यांची नि माझी ओळख म्हैसूरच्या बन्नीमंटपाजवळच्या एका गोदामात झाली. आमच्या मराठी गुप्तहेर मालिकेसाठी तिथे कलाकारांची निवड चालली होती. एक तऱ्हेवाईक न्यायाधीश आणि पॅरोलवर सुटलेला कैदी मिळून गुन्ह्यांचा छडा लावतात, अशी ती मालिका. मी तिची लेखिका. पुण्याहून म्हैसूरला आलेली, भाषेबाबत जरा ताठ. अण्णांनी माझा संवाद वाचला तो असा : "नोडी, बघा, हा साक्षीदार खोटं बोलायलाय की हो!" मी चूक दुरुस्त करू लागले. अण्णा शांतपणे म्हणाले, "म्हैसूरचा न्यायाधीश पुण्याचं मराठी कुठनं आणेल, बाई?" मी वही मिटली. पुढे त्याच बोलीवर प्रेक्षक खूश झाले.

अण्णांचे पूर्वज कापड रंगवीत. अण्णांनी मात्र नोकरीची सारी वर्षे न्यायालयात कारकुनी केली. युक्तिवाद चालू असताना डोळे मिटून कॉफी पिणारा आमचा न्यायाधीश त्यांनी तिथेच पाहिलेला होता.

कैद्याच्या भूमिकेसाठी नागेश आला. अण्णांना पाहताच तो दारातूनच मागे फिरला. अण्णांनी हाक मारली, "ये. वाच." नवखा आहे, बुजला असेल, असे मला वाटले. त्याच्या वाचनानंतर अण्णांनीच "हाच घ्या" म्हणून सांगितले. चित्रीकरणात एकट्या नागेशवर कॅमेरा असला, की अण्णांची तिथे गरज नसे. तरीही ते दुखऱ्या गुडघ्यांनी समोर उभे राहत आणि आपली वाक्ये पूर्ण जीव ओतून बोलत.

एका प्रसंगात न्यायाधीश कैद्याला विचारतात, "ज्याला मारलंस, त्याचं नाव तरी आठवतं का?" नागेश खाली बसून ढसाढसा रडला. अण्णा जागचे हलले नाहीत. "छान केलंस," एवढेच म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आज त्या टाळ्या आठवल्या की शरम वाटते.

चारच दिवसांनी वाहिनीकडे एक निनावी पत्र आले. नागेश खरोखरच तुरुंगात जाऊन आला होता. नंजनगूडच्या रस्त्यावर दारू पिऊन टेम्पो चालवताना त्याने एका स्कूटरवाल्याला उडवले होते. वाहिनीचे अधिकारी आले, बैठक बसली. नागेश मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता.

"याला काढावंच लागेल," अधिकारी म्हणाले.

"शिक्षा भोगून आलाय की तो," अण्णा म्हणाले.

"आणि मेलेल्याच्या घरच्यांनी गोंधळ घातला तर?"

"घालणार नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"तो माझा धाकटा भाऊ होता. सदाशिव."

'त्याचं नाव तरी आठवतं का?' हा प्रश्न मी लिहिला होता, आणि मीच तो अण्णांच्या तोंडी घातला होता!

बैठक संपल्यावर मी धावत त्यांच्याकडे गेले. "अण्णा, मला माहीत असतं तर ते वाक्य लिहिलंच नसतं."

"बरं झालं लिहिलंत. कोर्टात मला ते विचारता आलं नव्हतं."

"तुम्ही त्याला माफ केलंत?"

अण्णा म्हणाले, "गोत्तिल्ल. माहीत नाही, बाई. रोज सकाळी त्याला बघितलं की पहिल्यांदा सदाच आठवतो. मग काम सुरू करतो."

नागेश राहिला. मालिका आजही चालू आहे. त्या दिवशीचा धक्का मात्र माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. चांगुलपणा इतका अवघड असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या अण्णांच्या गुडघ्यांना आराम पडो, त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, आणि पुष्कळ वर्षे त्यांचा सहवास आम्हाला लाभो. हा लेख छापण्यास देण्यापूर्वी मी अण्णांची परवानगी मागितली. ते म्हणाले, "आधी नागेशला विचारा." नागेशने तो दोनदा वाचला, आणि सदाशिवरावांचे नाव मी गाळले होते, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.