धार आणि दाब
बाबांची जुनी गाडी माझ्या वाट्याला आली हे माझ्या मोठ्या भावाला कधीच पचलं नाही. गाडी म्हातारी, पण इंजिनात दाबाने पेट्रोल सोडणारी, इंजेक्शनवाली, आणि मला रोज नेरहून यवतमाळला नोकरीवर नेणारी. कापूस वेचणीच्या दिवसांत दादा ती हक्काने वावरात न्यायचा आणि फवारणी पंपाच्या कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतून परत आणायचा. वर ऐकवायचा, "भरून देल्लं वं तुले."

यंदा गाडी चढावर धापा टाकून बंद पडायला लागली. दादाने लगेच इलाज काढला: विकून टाक. वणीचं गिऱ्हाईकही त्यानेच ठरवलं. गाडी गेली की मी पुन्हा फाट्यावर एसटीची वाट बघत उभी, याची त्याला पक्की कल्पना होती.

गिऱ्हाईक आलं त्या रविवारी अंगणात पंचायत बसली. आमच्याकडे बॉनेट उघडं दिसलं की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण वैद्य होतो. कोणी प्लग सांगितले, कोणी बॅटरी. शेजारचे काका तर पेटलेली विडी घेऊनच इंजिनात डोकावले. त्यांना मी हाकललं. दादाने पेट्रोलचा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि मला किल्ली फिरवायला लावली.

"पाह्य, कशी धार येऊन राह्यली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गाडीत काई नाई. चालवनारीत आहे."

माझं डोकंच फिरलं. उघड्या नळाला धार येणारच, त्यात कसली अक्कल? दाब किती आहे ते बघायला मीटर लावावा लागतो, आणि तो मी आधीच मागवून ठेवला होता.

पाइप परत बसवला. टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो आणि पेट्रोल तोंडावर उडत नाही. मग फडकं गुंडाळून मीटर जोडला, फ्यूज लावला. इंजिन शांत चालताना काटा बरा होता. रेस दिली तसा तो खाली बसला. पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी क्षणभर चिमटून पाहिली, तरी काटा वर येईना. म्हणजे मागून, टाकीकडूनच पेट्रोल पुरत नव्हतं.

मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला. त्याच्या जाळीला ओला कापूस लपेटून बसला होता.

दादाच्या कॅनचं झाकण कधीच हरवलंय. तिच्या तोंडात तो कापसाचा बोळा कोंबतो.

मी तो कापूस त्याच्या तळहातावर ठेवला. तो म्हणाला, "कापूस का माह्या एकट्याच्याच वावरात होते?"

गाडी आता विकायची नाही हे ओळखून गिऱ्हाईकाने चहा पिऊन वणीची वाट धरली. मी टाकी, जाळी साफ करून सगळं जोडलं; रेस दिली तरी काटा खाली आला नाही. दादा निर्लज्जासारखा जवळ आला.

"झालं ना नीट. परवा वेचनीले जाचं आहे, गाडी लागन."

"एसटीनं जाय दादा," मी किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाले. "फाट्यावरच थांबते ती."